रक्तात कीटोन वाढतात तेव्हा

प्रस्तावना

जानेवारी १९४८मध्ये दिल्लीच्या बिर्ला हाउसमध्ये गांधीजींनी आपलं शेवटचं उपोषण केलं. वय ७८. त्या दिवसांत त्यांच्या लघवीत अ‍ॅसिटोन आढळलं आणि भोवतालच्या डॉक्टरमंडळींची काळजी वाढली. आपली रामावरची श्रद्धाच अपुरी आहे, असा अर्थ गांधीजींनी त्यातून काढल्याचं त्यांचे सचिव प्यारेलाल यांनी नोंदवून ठेवलं आहे. डॉक्टरांच्या लेखी मात्र ते रसायनशास्त्र होतं. पोटात अन्न नाही, शरीर चरबी जाळतंय आणि त्यातून तयार झालेला पदार्थ लघवीवाटे बाहेर पडतोय, इतकंच.

त्याआधी २६ वर्षं, जानेवारी १९२२मध्ये, टोरांटोच्या जनरल हॉस्पिटलात लेनर्ड थॉम्पसन नावाचा १४ वर्षांचा मुलगा मधुमेहानं मरणपंथाला लागला होता. वजन जेमतेम ३० किलो. त्याच्याही लघवीत हाच पदार्थ, म्हणजे कीटोन, होता. ११ जानेवारीला त्याला बँटिंग आणि बेस्ट यांनी तयार केलेला स्वादुपिंडाचा अर्क टोचला. साखर थोडी उतरली, पण कीटोन काही हटले नाहीत आणि उपचार थांबवावे लागले. मग जेम्स कॉलिप या रसायनशास्त्रज्ञानं अर्क अधिक शुद्ध केला आणि २३ तारखेला तो दिला गेला. या वेळी साखर झपाट्यानं खाली आली आणि लघवीतले कीटोन नाहीसे झाले. इन्सुलिनच्या शोधाची ही कथा आपण नेहमी साखरेची कथा म्हणून सांगतो. माझ्या मते त्या दिवशी मुलगा वाचला तो कीटोन थांबल्यामुळे. नुसत्या वाढलेल्या साखरेनं तो इतक्या लवकर गेला नसता.

दोघांच्याही लघवीच्या अहवालांत शब्द एकच, पण एक शरीर उपासाशी जुळवून घेत होतं आणि दुसरं साखरेच्या पुरात बुडूनही उपाशी मरत होतं. गांधीजींच्या स्वादुपिंडातून थोडं का होईना, इन्सुलिन पाझरत होतं. लेनर्डच्या स्वादुपिंडातून जवळजवळ काहीच नाही. रक्तात कीटोनचं प्रमाण वाढण्याला वैद्यकात कीटोनेमिया म्हणतात. हे पुस्तक त्याविषयी आहे. ते वाचताना वाचकानं एक गोष्ट सतत जवळ ठेवावी, अशी माझी विनंती आहे. कीटोनचा आकडा एकट्यानं काही सांगत नाही. त्या शरीरात त्या घडीला इन्सुलिन किती आहे हे कळल्याशिवाय त्याचा अर्थ लागत नाही. या क्षेत्रातले बहुतेक वाद, बहुतेक गैरसमज आणि टाळता येण्याजोगे बरेच मृत्यू हे सूत्र सुटल्यामुळेच झाले आहेत.

आता थोडं शरीरशास्त्र. कीटोन म्हणून ओळखले जाणारे पदार्थ तीन: अ‍ॅसिटोअ‍ॅसिटेट, त्यापासून बनणारं बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट आणि थोडंसं अ‍ॅसिटोन. पहिले दोन शरीराच्या कामाचे. तिसरं उडून जाणारं. श्वासाला येणारा नेलपॉलिश पुसायच्या द्रवासारखा किंवा जास्त पिकलेल्या फळासारखा वास त्याचाच. हे तिन्ही यकृतात तयार होतात. गंमत म्हणजे यकृताला स्वतःला ते वापरता येत नाहीत, कारण त्यासाठी लागणारं एक एन्झाइम त्याच्याकडे नसतंच. जे काही बनतं ते सगळं मेंदू, हृदय, स्नायू आणि मूत्रपिंड यांच्यासाठी.

त्यांची गरज पडते ती मेंदूमुळे. मेंदू शरीराच्या वजनाच्या दोन टक्के, पण विसावा घेत असतानाही एकूण ऊर्जेचा सुमारे पाचवा हिस्सा तोच खातो. एरवी त्याला दिवसाला १०० ते १२० ग्रॅम ग्लुकोज लागतं. यकृतातला साठा साधारण तेवढाच, म्हणजे उपासाच्या पहिल्या दिवसातच तो आटत येतो. चरबीपासून नव्यानं ग्लुकोज जवळजवळ बनत नाही, आणि चरबीतली मेदाम्लं मेंदू जाळू शकत नाही. मग उरतात स्नायू. मेंदूसाठी लागणारं सगळं ग्लुकोज स्नायूंतल्या प्रथिनांपासून बनवायची वेळ आली असती, तर निव्वळ पाण्यावर माणूस दोनतीन आठवडेच तग धरू शकला असता. कीटोन असल्यामुळे हीच मुदत दोन महिन्यांच्या आसपास जाते. दुष्काळ पाहिलेल्या कुठल्याही समाजाला हा हिशेब समजायला वेळ लागू नये.

या साऱ्यावर ताबा असतो तो इन्सुलिनचा. चरबीचे साठे हे धरण मानले, तर इन्सुलिन म्हणजे त्याचे दरवाजे. जेवल्यावर इन्सुलिन वाढतं आणि दरवाजे बंद होतात; उपाशीपोटी ते उतरतं आणि दरवाजे हळूहळू उचलले जातात. मेदाम्लं यकृताकडे वाहू लागतात, यकृत त्यांचे कीटोन करतं. निरोगी माणसात कीटोन वाढले की तेच थोडं इन्सुलिन सुटायला कारण होतात आणि विसर्ग आपोआप आवरता घेतला जातो. म्हणून कितीही लांबलेल्या उपासात कीटोन लिटरला पाच ते सात मिलिमोलच्या आसपास जाऊन स्थिरावतात. स्वादुपिंडातल्या इन्सुलिनच्या पेशीच मेल्या असतील, तर दरवाजे सताड उघडे राहतात. आकडा दहाच्या, पंधराच्या पुढे जातो. बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट आणि अ‍ॅसिटोअ‍ॅसिटेट ही आम्लं आहेत. ती रक्ताची आम्लता वाढवतात, रक्तातलं बायकार्बोनेट संपतं आणि कीटोसिसचा कीटोअ‍ॅसिडोसिस होतो. दोन नावांत फरक एका शब्दाचा, पण एक शरीराची नेहमीची सोय आहे आणि दुसरी आयसीयूतली आणीबाणी.

इतिहासात कीटोनकडे आधी पाहिलं गेलं ते विष म्हणूनच, आणि ते स्वाभाविक होतं. १८५७मध्ये प्रागमध्ये विल्हेल्म पेटर्स यांना मधुमेहानं बेशुद्ध पडलेल्या रुग्णाच्या लघवीत अ‍ॅसिटोन सापडलं. १८७४मध्ये अडॉल्फ कुसमाउल यांनी अशा रुग्णांच्या विलक्षण खोल आणि भरभरून चालणाऱ्या श्वासाचं वर्णन केलं. कॅज्युअल्टीत आजही तो श्वास त्यांच्याच नावानं ओळखतात. १८८४च्या सुमारास ऑस्कर मिंकोव्स्की आणि एडुआर्ड क्युल्झ यांनी बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरिक आम्ल ओळखलं. याच मिंकोव्स्कींनी १८८९मध्ये फॉन मेरिंग यांच्यासोबत कुत्र्याचं स्वादुपिंड काढून मधुमेह घडवून दाखवला. पुढे अमेरिकेत फ्रेडरिक अ‍ॅलन यांनी अन्न कमालीचं कमी करून मुलांना जगवायची पद्धत काढली. जगवायचं म्हणजे किती? एलिझाबेथ ह्यूज ही मुलगी ऑगस्ट १९२२मध्ये टोरांटोला पोचली तेव्हा तिचं वजन २० किलोच्या आसपास होतं. तिला इन्सुलिन मिळालं आणि ती १९८१पर्यंत जगली. अ‍ॅलन यांच्यावर निर्दयतेचा ठपका ठेवणं सोपं आहे. त्यांच्या उपाशी मुलांपैकी काही इन्सुलिन येईपर्यंत टिकली, हेही विसरू नये.

नेमक्या त्याच काळात दुसऱ्या एका शाखेनं कीटोनचा औषध म्हणून विचार सुरू केला. उपाशी राहिल्यानं फेफरं कमी होतं, हे अनुभवानं जुनंच ठाऊक होतं. १९२१मध्ये मेयो क्लिनिकमधल्या रसेल वाइल्डर यांनी सुचवलं की उपास न करता, भरपूर स्निग्ध आणि अगदी कमी पिष्टमय आहार देऊन तोच परिणाम साधता येईल. या आहाराला कीटोजेनिक हे नाव त्यांनीच दिलं. १९३८मध्ये फेनिटॉइन आलं आणि गोळी देणं हे लोणी तोलत बसण्यापेक्षा सोपं असल्यानं हा उपाय मागे पडला. औषधांना दाद न देणाऱ्या फेफऱ्यासाठी १९९०च्या दशकात तो पुन्हा वर आला. लंडनमधल्या मुलांवर झालेली चाचणी २००८मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात हा आहार घेणाऱ्यांपैकी ३८ टक्के मुलांचे झटके निम्म्याहून कमी झाले; आहार न घेणाऱ्या गटात हे प्रमाण ६ टक्के होतं. असा आहार मुंबईतल्या बालमेंदूतज्ज्ञांनी भारतीय पदार्थांत बसवून वापरला आहे. तो वजनकाट्यावर ग्रॅममध्ये मोजलेला, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली दिलेला औषधोपचार असतो. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरणाऱ्या कीटो तक्त्यांशी त्याचं नातं नावापुरतंच.

दृष्टी खरी पालटली ती १९६०च्या दशकात. ऑक्सफर्डचे हान्स क्रेब्स यांनी शरीरधर्माचा कीटोसिस आणि रोगाचा कीटोसिस असा भेद आग्रहानं मांडला. बॉस्टनमध्ये जॉर्ज केहिल आणि त्यांचे तरुण सहकारी ऑलिव्हर ओवेन यांनी तर थेट मेंदूकडे जाणारं आणि मेंदूतून परतणारं रक्त तपासलं. लठ्ठ असलेले तीन स्वयंसेवक पाचसहा आठवडे अन्नावाचून राहिले. त्यांच्या मेंदूला लागणाऱ्या ऊर्जेचा निम्म्याहून अधिक भाग कीटोन पुरवत होते. मेंदू फक्त ग्लुकोजवर चालतो, हे तोवर पाठ्यपुस्तकांतलं अढळ वाक्य होतं. १९६७च्या या निबंधानं ते खोडलं. असा प्रयोग आज कुठली नैतिकता समिती मंजूर करेल, असं मला वाटत नाही. पण त्यानंतर कीटोनकडे नुसता कचरा म्हणून पाहणं कुणालाच शक्य राहिलं नाही. अलीकडच्या पंधरा वर्षांत बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट पेशींत संदेशवाहकाचंही काम करतं, जनुकांच्या चालू-बंद होण्यावर आणि दाहाच्या काही यंत्रणांवर प्रभाव टाकतं, असं प्रयोगशाळांतून दिसू लागलं आहे. हे काम उत्साह वाढवणारं आहे. उंदरांत दिसलेल्या गोष्टी माणसांच्या दुकानात फार लवकर विकायला येतात, ही माझी त्यावरची तक्रार.

कीटोनच्या इतिहासात आपल्या देशाचं एक प्रकरण आहे. युरोप-अमेरिकेच्या पुस्तकांत ते तळटीपेत असतं. इथे त्याला प्रशस्त जागा मिळाली, याचा मला विशेष आनंद आहे. पाश्चात्त्य डॉक्टरांचा ठोकताळा असा होता: रुग्ण तरुण, हडकुळा, साखर बेसुमार, म्हणजे इन्सुलिन थांबलं की कीटोन वाढून तो दगावणार. भारतात आणि उष्ण कटिबंधातल्या इतर देशांत मात्र असे रुग्ण भेटत की ते आठवडेच्या आठवडे इन्सुलिनशिवाय राहत, त्यांची साखर चारशे-पाचशे असे, तरी कीटोन वाढत नसत. १९५५मध्ये जमैकातून ह्यू-जोन्स यांनी अशा रुग्णांचं वर्णन केलं होतं. ओडिशात कटकला त्रिपाठी आणि कर यांनी १९६५मध्ये आपल्याकडच्या तरुण, कृश आणि कीटोसिस न होणाऱ्या रुग्णांची नोंद जगापुढे मांडली. केरळात गीवर्गीस यांनी स्वादुपिंडात खडे होऊन झालेल्या मधुमेहाचा आयुष्यभर पाठपुरावा केला. या रुग्णांचे कीटोन का वाढत नसत, याची उत्तरं पुन्हा इन्सुलिनपाशीच येतात. चरबी रोखून धरायला लागणारं इन्सुलिन हे साखर पेशींत ढकलायला लागणाऱ्या इन्सुलिनपेक्षा खूप कमी असतं. यांच्या शरीरात तेवढं शिल्लक होतं. शिवाय जाळायला अंगात चरबीही बेताचीच होती. खड्यांच्या प्रकारात इन्सुलिनच्या उलट काम करणारं ग्लुकॅगॉनही पुरेसं बनत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेनं १९८५मध्ये कुपोषणाशी निगडित मधुमेह असा वेगळा वर्ग केला आणि १९९९मध्ये पुरावा अपुरा म्हणून तो काढून टाकला. पण रुग्ण काही वर्गीकरण वाचून येत नाहीत. ते येतच राहिले. वेल्लोरच्या डॉक्टरांनी न्यूयॉर्कच्या संशोधकांसोबत २०२२मध्ये दाखवलं की त्यांची चयापचयाची घडण टाइप १ आणि टाइप २ या दोहोंपेक्षा वेगळी आहे. एप्रिल २०२५मध्ये बँकॉकच्या अधिवेशनात आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघानं त्याला टाइप ५ मधुमेह हे नाव दिलं. नावावरून वाद आहेत आणि ते चालू राहतील. पण खाटेजवळ उभ्या असलेल्या डॉक्टरसाठी यातला धडा उघड आहे. हडकुळ्या तरुणाला टाइप १ समजून भरमसाट इन्सुलिन दिलं, तर साखर एकदम उतरून तेच जिवावर बेतू शकतं. आणि कीटोन नाहीत म्हणून निर्धास्त राहिलं, तर पुढे ताप, जुलाब, शस्त्रक्रिया असा ताण आल्यावर शिल्लक इन्सुलिन पुरेनासं होऊ शकतं.

पुस्तकात गाईगुरांवर एक भाग आहे. तो पाहून शहरी वाचकाच्या भुवया उंचावतील, दूधधंद्यातल्या वाचकाच्या नाही. व्यालेली संकरित गाय पहिल्या काही आठवड्यांत आंबोण, पेंड नाकारते, कडब्याला मात्र तोंड लावते, दूध एकाएकी घटतं, श्वासाला आणि दुधाला गोडसर वास येतो. गोठ्यातल्या या आजाराला किटोसिस किंवा कितनबाधा म्हणतात. दुधातली साखर ग्लुकोजपासून बनते. जास्त दूध देणाऱ्या गाईचं ग्लुकोज कासेत ओढलं जातं, इन्सुलिन उतरतं, चरबी वितळू लागते. जुळी पोटात असलेल्या मेंढीला आणि शेळीला विण्याच्या आधीच हा त्रास होतो. पशुवैद्य दूध किंवा लघवी एका भुकटीवर टाकून रंग पाहतात. ती १९०८च्या रॉथेरा यांच्या तपासणीचीच वंशज, आणि माणसांच्या लघवीची पट्टीही त्याच रसायनावर चालते. हा भाग मौजेसाठी घातलेला नाही. स्तनपान करणाऱ्या स्त्रियांनी कडक कीटो आहार केल्यावर कीटोअ‍ॅसिडोसिस होऊन दवाखान्यात भरती व्हावं लागल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. बाळंतिणीला डिंकाचे लाडू आणि अळिवाची खीर देणाऱ्या आज्ज्यांना हे सांगायची गरज नव्हती.

हे पुस्तक आताच का हवं होतं? पहिलं कारण मुलं. आपल्याकडे टाइप १ मधुमेहाची कितीतरी मुलं निदान होण्याआधीच कीटोअ‍ॅसिडोसिसमध्ये गेलेली असतात. सतत तहान, रात्री उठून लघवी, शहाण्या वयाच्या मुलानं पुन्हा अंथरूण ओलं करणं, वजन उतरणं, ही सगळी पूर्वसूचना उन्हाळ्याच्या किंवा परीक्षेच्या नावावर जाते. मग उलट्या सुरू होतात, तर ते पित्त. पोट दुखतं, तर अपेंडिक्स. श्वास भरभरून चालतो, तर दमा किंवा न्यूमोनिया. बोटाला टोचून ग्लुकोमीटरवर साखर पाहायला एक मिनिट लागतं आणि त्यातून हे सगळं एका जागी येतं. निदान झालेल्या मुलांच्या घरी वेगळाच घात होतो. मुलाला ताप आहे, तो जेवत नाही, मग इन्सुलिन कशाला, असं कुणीतरी वडीलधारं माणूस म्हणतं. ऐकायला ते समंजस वाटतं, पण ते जीवघेणं आहे. आजारपणात शरीराला इन्सुलिन बहुधा जास्तच लागतं. मात्रा डॉक्टरांच्या सल्ल्यानं बदलायची असते, बंद करायची नसते. इन्सुलिन सोडवून देतो असं सांगणाऱ्या भोंदूंमुळे गेलेल्या मुलांबद्दल या पुस्तकाच्या लेखिकेनं संयमानं लिहिलं आहे. मला तो संयम साधला नसता.

उपचारांचा भाग मी मुद्दाम दोनदा वाचला, कारण सामान्य वाचकाला तो कितपत सांगावा हा प्रश्न असतो. एके काळी कीटोअ‍ॅसिडोसिसमध्ये शेकडो युनिट इन्सुलिन टोचत. १९७०च्या दशकात कळलं की ताशी किलोमागे ०.१ युनिट इतकं सावकाश दिलं तरी पुरतं. सलाइन, इन्सुलिन आणि पोटॅशियम हे उपचाराचे तीन पाय. पोटॅशियम फसवं. भरती होताना रक्तात ते ठीक किंवा जास्तच दिसतं, पण शरीरातला साठा लघवीवाटे रिकामा झालेला असतो. इन्सुलिन सुरू होताच उरलंसुरलं पेशींत शिरतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात. घरी सलाइन लावून हे निभावेल, असं मानणाऱ्या नातेवाइकांनी निदान एवढा परिच्छेद वाचावा.

हे पुस्तक आताच हवं असण्याचं दुसरं कारण गोळ्या. मूत्रपिंडावाटे साखर बाहेर टाकणारी ग्लिफ्लोझिन गटातली औषधं हृदय आणि मूत्रपिंड दोन्हींना उपकारक ठरली आहेत. डापाग्लिफ्लोझिनचं भारतातलं पेटंट ऑक्टोबर २०२०मध्ये आणि एम्पाग्लिफ्लोझिनचं मार्च २०२५मध्ये संपलं. मग कंपन्यांची रांग लागली, किमती कोसळल्या आणि या गोळ्या तालुक्याच्या दुकानापर्यंत पोचल्या. झालं ते बरंच झालं. पण लघवीतून साखर निघून जाते, तसं इन्सुलिन उतरतं, ग्लुकॅगॉन चढतं आणि कीटोन वाढू शकतात, तेही रक्तातली साखर दोनशेच्या आत असताना. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी याबद्दल मे २०१५मध्ये इशारा दिला. ‘साखर तर नॉर्मल आहे’ हे वाक्य इथे घातक ठरतं. ठरलेल्या शस्त्रक्रियेच्या साधारण तीन दिवस आधी, तसंच उलट्याजुलाब किंवा कडक उपास असताना ही गोळी थांबवायची असते. किती रुग्णांना हे सांगितलं जातं? गोळी स्वस्त झाली, तिच्यासोबत द्यायचा सल्ला मात्र तितक्या वेगानं पोचला नाही.

तिसरं कारण अर्थात जिम आणि मोबाइल. कमी पिष्टाच्या आहाराची वंशावळ लांब आहे. १८६३मध्ये लंडनच्या विल्यम बँटिंग या अंत्यविधीच्या व्यावसायिकानं आपलं वजन कसं उतरलं, याची पुस्तिका छापली. तो इन्सुलिनवाल्या बँटिंगचा दूरचा नातलग. १९७२मध्ये रॉबर्ट अ‍ॅटकिन्स यांच्या पुस्तकानं लोकांना लघवीची पट्टी जांभळी करायचा नाद लावला. पट्टी जांभळी झाली म्हणजे चरबी जळतेय, हे खरं. ती पोटावरची जळतेय की ताटातल्या तुपातली, हे पट्टी सांगत नाही. असा आहार पहिल्या सहा महिन्यांत वजन आणि साखर दोन्ही चांगली उतरवतो. वर्षभरानं इतर आहारांपेक्षा त्याचा वरचढपणा बराच ओसरतो. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असलेल्या माणसानं तो आपल्या मनानं सुरू करू नये, यावर लेखिकेचं आणि माझं पूर्ण एकमत आहे. आपल्याकडे गाजलेला दोन वेळा जेवायचा दीक्षित आहार हा कीटो नव्हे. हा घोळ इतका ठायीठायी दिसतो की इथे नोंदवून ठेवतो. आणि उपासांचं म्हणाल तर एकादशी, दुप्पट खाशी. साबुदाणा, वरी, रताळी, बटाटे म्हणजे पिष्टच पिष्ट. तिथे कीटोन फिरकतही नाहीत. पर्युषणात फक्त उकळलेल्या पाण्यावर अठ्ठाई करणाऱ्यांची गोष्ट वेगळी, आणि रमजानचे रोजे धरणाऱ्या टाइप १ रुग्णाची त्याहून वेगळी.

मोजण्याबद्दलही पुस्तक ठाम बोलतं, आणि ते आवश्यक होतं. रात्रभराच्या उपाशीपोटी रक्तातले कीटोन लिटरला ०.६ मिलिमोलच्या खाली असतात. कीटो आहारात ते ०.५ ते ३ असतात. मधुमेह्यात ३च्या वर गेले की धाव घ्यायची वेळ. आणि निरोगी माणूस लांब उपासात ५वर असूनही धडधाकट हिंडतो. म्हणजे वर म्हटलं तेच: आकडा पुरत नाही. शिवाय लघवीची पट्टी पाहते फक्त अ‍ॅसिटोअ‍ॅसिटेट. कीटोअ‍ॅसिडोसिसमध्ये बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट त्याच्या कितीतरी पट असतं, ते पट्टीला दिसतच नाही. उपचार लागू पडू लागले की ते अ‍ॅसिटोअ‍ॅसिटेटमध्ये पालटतं आणि रुग्ण सुधारत असताना पट्टी आणखी गडद होते. नातेवाईक घाबरतात, नवखे डॉक्टरही. रक्तातलं बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट मोजणारं मीटर हा यावरचा उपाय, पण त्याच्या पट्ट्या महाग असतात.

लेखिका तालुक्याच्या गावी फिजिशियन आहेत आणि ते पानोपानी जाणवतं. त्यांनी पाठ्यपुस्तक लिहिलेलं नाही, आणि आहाराचा प्रचारही केलेला नाही. एखाद्या अहवालावर ‘कीटोन पॉझिटिव्ह’ असं छापून आलं की घरातल्या माणसानं कोणते प्रश्न विचारावेत, कशानं घाबरावं आणि कशानं घाबरू नये, हे कळावं इतपत विज्ञान सांगणं, असा त्यांचा बेत आहे. तो त्यांनी पार पाडला आहे. दोन ठिकाणी माझं त्यांच्याशी जमत नाही. वजन उतरवण्यासाठीच्या कीटो आहाराला त्यांनी माझ्या मते गरजेपेक्षा मऊ वागवलं आहे. अशा आहारात काहींचं एलडीएल कोलेस्टेरॉल भलतंच चढतं, हा मुद्दा एका वाक्यात उरकायचा नव्हता. दारूच्या अतिसेवनानंतर, पोट रिकामं असताना होणाऱ्या कीटोअ‍ॅसिडोसिसलाही फार थोडी जागा मिळाली आहे. आपल्या सरकारी रुग्णालयांच्या रात्रपाळीत तो रुग्ण काही विरळा नाही.

घरात टाइप १चं मूल असेल, तर वाचकानं क्रम सोडावा आणि आजारपणातले नियम दिलेला भाग आधी वाचावा. इतिहासाची हौस असणाऱ्यानं सुरुवातीपासून वाचावं. पुढच्या आवृत्तीसाठी एक मागणी इथेच नोंदवून ठेवतो. रक्तातल्या कीटोनच्या पट्ट्या महाराष्ट्रात कुठल्या शहरात, किती किमतीला आणि कोणत्या सरकारी रुग्णालयात फुकट मिळतात, याचा जिल्हावार तक्ता लेखिकेनं पुस्तकाच्या शेवटी जोडावा आणि तो दर वर्षी बदलत ठेवावा.